मदत हवी आहे: नव्या गाडीचं पहिलं सर्व्हिसिंग, काय करून घ्यावं आणि कशाला नाही म्हणावं?

नमस्कार मंडळी,

आमच्या घरात पहिल्यांदाच चारचाकी आली आहे. पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर. मी पुण्यात असते, गाडी चिपळूणला आईबाबांकडे. आईला डॉक्टरकडे नेणं, बाजारहाट आणि कधीमधी गुहागर, एवढंच तिचं फिरणं. बाकी वेळ पत्र्याच्या शेडमध्ये उभी. मागे भातशेती, त्यामुळे उंदीर आहेतच.

पहिलं फ्री सर्व्हिसिंग जवळ आलंय. पुस्तिकेत १००० किमी किंवा एक महिना, जे आधी होईल ते, असं दिलंय. वर्कशॉपमधून फोन आला आणि अँटी-रस्ट, सिरॅमिक कोटिंग, इंजिन डीकार्बनायझिंग असं पॅकेज सांगितलं. आकडा ऐकून बाबा गप्पच झाले. समोरच्याला नाही म्हणणं त्यांना फार जड जातं, आणि त्या दिवशी मी तिथे नसेन.

यातलं खरंच काय लागतं? बाबांनी घरी काय बघत राहावं? आणि पावसात गाडी आठ-आठ दिवस हलत नाही, त्याने काही बिघडतं का?

प्रतिसाद १

ताई, डीकार्बनायझिंगला सरळ नकार द्या. हजार किलोमीटर चाललेल्या इंजिनात काढण्याजोगा कार्बन साठलेलाच नसतो. सिरॅमिक कोटिंग ही रंगाच्या चकाकीची हौस, देखभाल नव्हे. अँटी-रस्टचा विचार किनाऱ्याजवळ राहणाऱ्याने करावा, पण आधी कंपनीने खालून काय कोटिंग दिलंय आणि पत्रा गंजण्यावर किती वर्षांची वॉरंटी आहे ते बघा. गुहागरला गाडी वाळूत उतरवू नका. किनाऱ्यावरून आल्यावर खालून गोड्या पाण्याने धुवा.

बाबांचं ओझं कमी करायचं तर जॉबकार्डवर (वर्कशॉपमध्ये करायची कामं लिहितात तो कागद) तुमचा मोबाईल नंबर लिहायला सांगा. एस्टिमेट तुम्हाला व्हॉट्सॅपवर येऊ दे, तुम्ही हो म्हटल्याशिवाय जादा काम नाही. फ्री म्हणजे फक्त मजुरी फ्री असते. ऑइल, फिल्टर बदलले तर त्याचे पैसे पडतात, म्हणून बिल ओळ न् ओळ वाचा. पण सर्व्हिसिंग चुकवू नका आणि बिलं जपून ठेवा, वॉरंटीचा प्रश्न आला की तीच विचारतात.

प्रतिसाद २

उभ्या गाडीबद्दल सांगतो, मी रत्नागिरीकर आहे. पावसात हँडब्रेक ओढून आठवडाभर ठेवली तर मागचे ब्रेक ड्रमला चिकटतात. सपाट जागेवर पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, हँडब्रेक सोडा. आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास चालवा. नुसती चालू करून दोन मिनिटांत बंद केली तर बॅटरी भरत नाही, उलट उतरते.

बॉनेट दर दोन-तीन दिवसांनी उघडून लेंड्या, कुरतडलेला फोम दिसतो का बघा. वायरी कुरतडल्या तर खर्च मोठा येतो. गाडीत खाऊचा कणही ठेवू नका.

धागाकर्ती

खूप आभार! हँडब्रेकचं आजच फोन करून सांगते. ऑइल कसं तपासायचं ते बाबांना कळेल असं सांगाल का?

प्रतिसाद २

गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं. डिपस्टिक, म्हणजे इंजिनातली ऑइल मोजायची पट्टी, बाहेर काढून फडक्याने पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालून काढायची. पहिल्यांदा दिसतं ते धरायचं नाही. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. वरच्या खुणेच्या वर भरणंही वाईटच.

कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, बॉनेटखालच्या पांढऱ्या टाकीवरच्या खुणांवरून बघायचं. इंजिन गरम असताना झाकण अजिबात उघडायचं नाही, भाजतं. हवा सकाळी, टायर थंड असताना भरावी. प्रेशरचा आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. पंपवाला "तीस-पस्तीस टाकू?" म्हणेल, बाबांनी स्टिकरवरचाच आकडा सांगावा.

धागाकर्ती

हे सगळं मोठ्या अक्षरात लिहून शेडमध्ये लावते. एस्टिमेट आलं की इथे टाकेन, तेव्हाही बघाल ना?