विषय: सव्वासहा फूट उंची, १०४ किलो वजन – सर्फबोर्ड केवढा घ्यावा?

प्रेषक: नॅराबीन

नमस्कार मंडळी,

सिडनीच्या या बाजूला आपली बरीच मंडळी पाण्यात दिसतात म्हणून इथेच विचारतोय. उंची ६ फूट ३ इंच, वजन १०४ किलो, वय ४१. पोहायला लहानपणीच सांगलीला कृष्णेत शिकलो, त्यामुळे पाण्याची भीती नाही. कॉलरॉयला सर्फ स्कूलचे क्लास करून झाले, त्यांच्या आठ फुटी फोमच्या बोर्डवर आता बऱ्यापैकी उभा राहतो, फेसात सरळ किनाऱ्यापर्यंत येतो, क्वचित एखादी न फुटलेली लाट पण मिळते. आता स्वतःचा बोर्ड घ्यायचाय.

दुकानातल्या मुलाने ६'१०" दाखवला, साडेएकवीस इंच रुंद, पावणेतीन जाड, ४४ लिटर. म्हणाला तुमच्या उंचीला एकदम बरोबर. ऑफिसमधला मित्र म्हणतो सरळ नऊ फुटी लाँगबोर्ड घे. नेटवरच्या चार्टमध्ये उंचीने शोधलं तर एक उत्तर येतं, वजनाने शोधलं तर भलतंच. नक्की कशावर ठरवायचं? हे लिटर प्रकरण काय आहे आणि ते किती मनावर घ्यायचं?

– नि. पा.

---

प्रेषक: कर्ल कर्ल

नऊ फुटी घ्या. बाकी काही बघू नका.

– वि. सा.

---

प्रेषक: डी वाय

नमस्कार,

मी ६'२", ९८ किलो, आणि गेली कित्येक वर्षं याच किनाऱ्यावर आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे, जरा लांबण लागेल.

आधी ते उंचीचे चार्ट बंद करा. पाण्याला तुमची उंची कळत नाही, वजन कळतं. शाळेतला आर्किमिडीज आठवा, एक लिटर पाणी बाजूला सारलं की साधारण एक किलो तरतं, समुद्राचं पाणी खारट म्हणून किंचित जास्त. बोर्डचे लिटर म्हणजे तो अख्खा बुडाला तर किती पाणी बाजूला सारेल ते. आता १०४ किलो तुम्ही, वर बोर्डचं वजन, जुलैच्या थंडीत भिजलेल्या स्टीमरचं (अंगभर वेटसूटचं) आणखी दोनतीन किलो, आणि खाली फक्त ४४ लिटर. म्हणजे तुम्ही झोपलात की बोर्ड पाण्याखाली जाणार आणि बाकीचं वजन तुमची छाती-मांड्या पाण्यात बुडून तोलणार. तरंगाल की, बुडणार नाही, पण प्रत्येक पॅडलला (हातांनी पाणी मागे सारताना) छातीने पाणी ढकलत जायचं, खांदे अर्ध्या तासात संपतात आणि लाट पायाखालून निघून जाते. लोकांना वाटतं आपला स्टॅमिना कमी आहे. स्टॅमिना नाही हो, बोर्ड लहान आहे.

तो ६'१०" वाईट बोर्ड नाहीये. पाऊणशे किलोचा, दोनतीन वर्षं सर्फ केलेला माणूस त्याच्यावर मजेत खेळेल. दुकानातली पोरं स्वतः त्याच वजनाची असतात आणि त्यांना तोच बोर्ड मोठा वाटतो, त्यात त्यांचा हेतू वाईट नसतो.

ढोबळ हिशोब असा धरा. स्पर्धेत उतरणारे लोक आपल्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश, फार तर थोडं वर एवढ्या लिटरवर सर्फ करतात. शिकणाऱ्याला वजनाच्या ऐंशी ते शंभर टक्के लागतात. मधले लोक मध्ये कुठेतरी. आणि हे पण बघा, तुम्ही ज्या आठ फुटी फोमवर उभे राहता तसले बोर्ड ८५ लिटरच्या आसपास असतात. तिथून ४४ म्हणजे एकदम निम्म्यावर उडी. तुम्ही आता अगदी नवखे नाही, मधल्यांत नुकते शिरताय, म्हणून ७०-७५ च्या आसपास राहा, निदान पहिलं वर्षदीड वर्ष तरी.

मग उंचीचं काय? उंची ठरवते की हे लिटर बसवायचे कुठे. हाच मुद्दा चार्टमध्ये कुठे नसतो. समजा कोणी तुम्हाला पावणेसात फुटी बोर्ड साडेतीन इंच जाड करून दिला, लिटर वाढतील, पण उभं राहिलं की पाण्यावर बूच ठेवल्यासारखा डचमळतो, कडा पाण्यात बसतच नाहीत, वळायला जाल तर घसरतो. आपल्यासारख्या वजनदार माणसाला थोडी जाड कड दाबता येते, हलक्या माणसाला ती पण नाही, पण त्यालाही मर्यादा आहे. म्हणून लिटर आधी लांबीत घाला, मग रुंदीत, जाडी शेवटी. उंच माणूस उभा राहतो तेव्हा दोन पायांत अंतर जास्त पडतं. मागचा पाय फिन्सच्या (शेपटीखालच्या पात्यांच्या) वर हवा, पुढचा बोर्डच्या मध्याच्या थोडा पुढे. बोर्ड आखूड असला की पुढचा पाय नाकाकडे सरकतो आणि लाट उभी झाली की नाक पाण्यात घुसतं, आणि पाय मागे घ्यावा तर मागचा पाय शेपटीवरून खाली उतरायला लागतो. शिवाय आपलं गुरुत्वमध्य वर, डोलायला वेळ लागत नाही, म्हणून रुंदी साडेबावीस ते सव्वातेवीस बघा. कमी उंचीच्या माणसाला एवढा रुंद बोर्ड काखेत धरता येत नाही, पॅडल मारताना हात कडेवरून वळसा घालून न्यावे लागतात. तुमचे हात लांब आहेत, तुम्हाला तो त्रास नाही.

म्हणजे साडेआठ फूट, तेवीस इंच, सव्वातीन जाड असं काहीतरी. तेवढ्यात ७५ लिटर होतात.

आणखी एक, खालून बघितलं तर बोर्ड नाकापासून शेपटीपर्यंत किती वाकलेला आहे ते बघा, म्हणजे रॉकर. जमिनीवर उलटा ठेवून मधोमध एक सरळ पट्टी धरली की कळतं. वजनदार माणसाला सपाट रॉकर हवा, बोर्ड पाण्यावर लवकर सुटतो. जास्त वाकलेला बोर्ड उभ्या लाटांना चांगला, पण आपलं वजन घेऊन तो पुढे सरकेपर्यंत लाट गेलेली असते.

आणि तुम्ही राहता त्या नॅराबीनचा सायमन अँडरसन माहीत आहे ना? मोठ्या अंगाचा, सहा फुटांच्या वरचा गडी. १९७० च्या दशकाच्या शेवटी सगळीकडे दोन फिनचे बोर्ड चालायचे, हलक्या चपळ पोरांसाठी भन्नाट, पण याच्या वजनाखाली ते मोठ्या लाटेत घसरायचे. म्हणून १९८० साली त्याने सारख्या मापाच्या तीन फिन लावून बोर्ड केला, नाव ठेवलं थ्रस्टर, आणि १९८१ ला बेल्स बीचच्या प्रचंड लाटांत त्याच बोर्डवर स्पर्धा जिंकली. आज जगात दुकानात शिराल तिथे तीन फिनचे बोर्ड दिसतात ते एका वजनदार माणसाला हलक्या माणसांचे बोर्ड चालेनात म्हणून. मला या गोष्टीचा खरंच अभिमान वाटतो, आपल्याच किनाऱ्यावर झाली ती.

– श्री. का.

---

प्रेषक: फ्रेशवॉटर

श्री. का. दादा, फार छान समजावलंत. आमच्याकडे उलटी केस आहे. मुलगा १६ वर्षांचा, ६'२" पण वजन जेमतेम ६४ किलो, पाय बारा नंबरचे. पाण्यात चांगला आहे, लाटेच्या भिंतीवर आडवा जातो, वळतो पण. त्याला सगळे म्हणतात उंच आहेस मोठा बोर्ड घे. तुमच्या हिशोबाने त्याला लहान हवा ना मग?

– मे. जो.

---

प्रेषक: डी वाय

ताई, लिटर कमी पण लांबी नको कमी करू. ६४ किलोला आणि त्याच्या लेव्हलला ३३-३४ लिटर पुष्कळ झाले. हेच लिटर त्याच्या वजनाच्या पण साडेपाच फूट उंचीच्या मुलाला सहा फुटी बोर्डमध्ये देता येतील, तुझ्या लेकाला साडेसहा फुटीत दे, पावणेवीस रुंद, अडीच जाड. पाय रोवायला जागा मिळेल आणि बोर्ड हलकाच राहील. त्याला तुमच्या नि. पा. सारखा जाडजूड बोर्ड दिलास तर त्याच्याने तो दाबलाच जाणार नाही, डकडाइव्ह करायला, म्हणजे बोर्ड दाबून लाटेखालून निघायला जाईल आणि लाट त्याला बोर्डसकट मागे फेकेल.

शेपटी फार निमुळती घेऊ नका, बारा नंबरच्या पायाची बोटं आणि टाच दोन्ही बाजूंनी बाहेर लटकून पाण्यात घासतात. आणि ऑर्डर देऊन नवीन करून घेऊ नका आत्ता. या वयात मुलं वर्षात दहा किलो भरतात, वापरलेला घ्या, पुढच्या वर्षी विकून टाका.

– श्री. का.

---

प्रेषक: मॅनली

सगळ्यांना नमस्कार,

मी बोर्ड रिपेअर करते म्हणून दोन गोष्टी घालते, कारण माझ्याकडे जे बोर्ड येतात त्यात वजनदार लोकांचे बोर्ड लांबून ओळखू येतात, डेकवर (बोर्डच्या वरच्या बाजूला) टाचेच्या जागी खोल खळगे पडलेले असतात. बहुतेक तयार बोर्डवर काच, म्हणजे फोमवरचं फायबरग्लासचं आवरण, हलकी असते, चार औंसाचं कापड. १०४ किलोच्या माणसाने उडी मारून उभं राहायचं तर डेकवर सहा औंसाचे दोन थर हवेत, खाली एक सहाचा. वजन किलोभर वाढतं, वाढू दे, तुम्हाला जाणवणार नाही, उलट वाऱ्याच्या दिवशी बोर्ड कमी उडतो.

वापरलेला घेणार असाल तर खळगे बघून घाबरू नका, ते सगळ्यांना पडतात. बघायचं ते हे: अंगठ्याने डेक सगळीकडे दाबत जा, पुढच्या पायाच्या जागेपासून शेपटीपर्यंत. कुठे काच आत जाऊन परत वर आली, पटपट आवाज आला, तर खाली फोम सुटलेला आहे, सोडून द्या तो बोर्ड. फिनच्या खाचांभोवती केसासारख्या चिरा बघा. कुठे तपकिरी डाग असेल तर पाणी आत गेलंय, उचलून बघितला की मापापेक्षा जड लागतो.

फिन पण वजनाप्रमाणे लागतात हे कोणी सांगत नाही. एफसीएस कंपनीच्या तीन फिनच्या सेटमध्ये मीडियम साधारण ६५ ते ८० किलोला, लार्ज ७५ ते ९० ला आणि त्याच्या वर एक्स्ट्रा लार्ज. बोर्डबरोबर बहुतेक वेळा मीडियम येतात, तुमच्या वजनाला त्या पाण्यात धरत नाहीत, वळताना शेपटी सुटते आणि माणूस बोर्डला शिव्या घालतो. लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी) बोर्डच्या लांबीएवढी किंवा थोडी जास्त, आणि सात मिलिमीटरपेक्षा बारीक नको, आठ मिळाली तर उत्तम.

हे शेवटचं फार कळकळीने सांगते. मोठा बोर्ड आणि मोठा माणूस, त्याला लांब लीश, म्हणजे तुमच्या मागे सतराअठरा फूट जागा तुमची जबाबदारी आहे. लाट अंगावर आली की बोर्ड फेकून खाली बुडी मारायची सवय लावून घेऊ नका, धरून ठेवा. पोहणाऱ्यांसाठी लावलेल्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये तर बोर्ड न्यायचाच नाही. आमच्याकडे टाके पडलेली माणसं येतात आणि तुटलेल्या फिन येतात, दोन्ही बऱ्याचदा एकाच अपघातातले.

– अ. दे.

---

प्रेषक: नॅराबीन

दादा, ताई, मनापासून धन्यवाद. दुकानवाला बोर्ड बाद. वापरलेले दोन सापडलेत, दोन्ही चांगल्या अवस्थेत दिसतात, पण लिटर कोणीच लिहिलेले नाहीत.

एक: ९'१", साडेबावीस रुंद, पावणेतीन जाड.
दुसरा: ८'४", सव्वातेवीस रुंद, ३ १/८ जाड.

वि. सा. म्हणाले तसा नऊ फुटीच घ्यावा असं मन म्हणतंय. लिटर काढता येतात का घरच्या घरी?

– नि. पा.

---

प्रेषक: डी वाय

येतात की. सगळी मापं इंचात करा, तिन्हींचा गुणाकार करा, ६१ ने भागा. हे झालं चौकोनी खोक्याचं माप लिटरमध्ये. बोर्ड काही खोकं नाही, नाक-शेपटी निमुळती, कडा गोल, म्हणून गोलसर नाकाच्या मोठ्या बोर्डला त्याचे साठ टक्के धरा, टोकदार लहान बोर्डला ५४-५५. एकदोन लिटर इकडेतिकडे होतील, पण फसगत होत नाही.

तुमचा पहिला: १०९ गुणिले २२.५ गुणिले २.७५, भागिले ६१, आले ११० च्या थोडं वर, साठ टक्के म्हणजे ६६ लिटर.
दुसरा: १०० गुणिले २३.२५ गुणिले ३.१२५, भागिले ६१, आले ११९, म्हणजे ७१ लिटर.

बघा, नऊ इंच आखूड असून पाच लिटर जास्त. वि. सा. चं म्हणणं चुकीचं नाही, चांगला जाड नऊ फुटी असता तर मी पण तोच सांगितला असता, पण नऊ फुटी म्हटलं की झालं असं नसतं, हा पातळ आहे, साठपासष्ट किलोच्या लाँगबोर्डरने नाकावर चालायला केलेला दिसतोय. तुमच्याखाली तो मध्ये बसेल. दुसरा घ्या. फोमपेक्षा लिटर थोडे कमी, पण फोमचा बोर्ड लवचीक आणि पाण्याला अडखळणारा असतो, काचेचा कडक आणि गुळगुळीत, तेवढ्याच पॅडलमध्ये जास्त पुढे जातो, त्यामुळे तो फरक भरून निघतो. अजून लहान बोर्डची घाई करू नका. न फुटलेल्या लाटा रोज मिळायला लागल्या, दोन्ही बाजूंना वळायला लागलात, की मग ६० च्या घरातला साडेसात-पावणेआठ फुटी बघू.

पैसे द्यायच्या आधी एक करा. विकणारा तयार असेल तर बोर्ड पाण्यात न्या आणि सपाट पाण्यावर नुसते झोपा, हनुवटी वर, पाय जोडून. नाक पाण्याच्या दोनतीन इंच वर राहायला हवं आणि छातीजवळ डेकवर पाणी चढता कामा नये. नाक फार वर गेलं तर पुढे सरका, पुढे सरकून पण शेपटी बुडतेय असं वाटलं तर लिटर कमी पडतायत. पाच मिनिटांत कळतं.

तो तयार नसेल तर रविवारी सकाळी सातला कॉलरॉयला या, दक्षिणेच्या कोपऱ्यात, तिथे लाट मवाळ असते. माझा जुना साडेआठ फुटी आहे ७२ लिटरचा, जवळजवळ तुमच्या दुसऱ्या बोर्डएवढाच, तो घेऊन आत जा. मे. जो. ताई, लेकाला पण पाठव, माझ्या पुतण्याचा साडेसहा फुटी घरी पडून आहे, गाडीत टाकतो.

– श्री. का.

---

प्रेषक: फ्रेशवॉटर

पाठवते दादा. सात म्हणजे साडेसातला पोचेल तो, पण येईल. पोहे आणते सगळ्यांना.

– मे. जो.