एनओसीतून वर सरकायचंय: सीसीएनए, नोकिया की थेट क्लाउड?

रात्रपाळी_ऐरोली:
ई अँड टीसी. आधी साइटवर मायक्रोवेव्ह आणि ओएफसीची (फायबर केबल) कामं केली, आता एका मोबाइल ऑपरेटरच्या एनओसीत (नेटवर्कवर नजर ठेवणारी कंट्रोल रूम) एल-१, म्हणजे पहिल्या पायरीवर, तेही कंत्राटदाराच्या पेरोलवर. अलार्म बघायचा, तिकीट काढायचं, एल-२ कडे ढकलायचं. मला एल-२ व्हायचंय. साहेब म्हणतात सीसीएनए (सिस्को या राउटर कंपनीची पायाभूत परीक्षा) कर, पण आमच्याकडे राउटर बहुतेक नोकियाचे. पैसे एकाच परीक्षेपुरते आहेत.

सबनेट:
सीसीएनए. जाहिरातीत तेच छापलेलं असतं आणि एचआर तेवढंच शोधतं. फी ३०० डॉलर, वर कर. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर (कॉम्प्युटरवर नेटवर्कची नक्कल) फुकट आहे, त्यामुळे सरावासाठी क्लासवाल्यांच्या दारात जायची गरज नाही.

लेबल_स्विच:
अजिबात पटलं नाही. सीसीएनएचा अभ्यासक्रम उघडून बघा. राउटिंगमध्ये, म्हणजे पॅकेटचा रस्ता ठरवण्यात, स्टॅटिक रूट आणि एकाच एरियातला ओएसपीएफ. बीजीपी, आयएस-आयएस (राउटरांनी एकमेकांना रस्ते कळवायच्या पद्धती), एमपीएलएस (पॅकेटला लेबल लावून पुढे धाडणं) यांतलं काहीच नाही. बाकी व्हीलॅन, वायफाय, नॅट, म्हणजे ऑफिसातलं नेटवर्क. यांच्या बॅकहॉलमध्ये (टॉवरपासून कोअरपर्यंतचं जाळं) टॉवरचं ट्रॅफिक एमपीएलएसच्या लेबलांवर धावतं. पहाटे तीनला पन्नास साइट एकदम गेल्या, तर एल-२ वाल्याला आधी ठरवावं लागतं: फायबर तुटली, आयएस-आयएसचा शेजारी गेला, की दोन्ही ठीक असून लेबलं वाटणारं एलडीपी सेशनच पडलंय? तिथे वायफाय कंट्रोलर काय कामाचा?

रोज डोळ्यांसमोर नोकिया आहे ना? मग नोकियाचीच एनआरएस-१ परीक्षा करा, पुढे एनआरएस-२. दुसऱ्यात लेखीशिवाय लॅबचीही परीक्षा असते. डम्प (बाहेर फिरणारे प्रश्नसंच) पाठ करून जाणारे तिथेच गळतात.

सबनेट:
आणि उद्या कंत्राट संपलं की? खराडी-हिंजवडीत किती ठिकाणी एनआरएस मागतात ते सांगा.

लेबल_स्विच:
आयएस-आयएस कुठल्याही कंपनीच्या डब्यात तोच असतो हो. कमांड चार दिवसांत बसतात.

सबनेट:
ते तुम्हाला माहीत. बायोडेटा चाळणाऱ्याला नाही.

मेघमल्हार:
दोघंही जुन्या जगात आहात. ५जीचा कोअर सॉफ्टवेअर झालाय, कंटेनरमध्ये चालतो. थेट क्लाउडकडे जा: लिनक्स, कुबर्नेटिस (कंटेनर सांभाळणारं सॉफ्टवेअर), एडब्ल्यूएस शिका. राउटरवाल्यांची पगारवाढ बघितलीय मी.

टॉवरवाली:
मेघमल्हार, पोर अजून रांगतंय आणि तुम्ही विमानाचं तिकीट काढताय!

एल-२ च्या मुलाखतींना मी बसते. सीसीएनए झालेल्यांनाही पॉइंट-टू-पॉइंट लिंकला /३० (चारच पत्त्यांचं सबनेट) का देतात हे सांगता येत नाही. दहातले निम्मे तिथेच अडखळतात (आणि टॉवरवर चढलेली पोरं फॉल्ट कुठे असेल ते न बघता सांगतात, पण त्याचं प्रमाणपत्र कुणी देत नाही). तरी सबनेटचा मुद्दा खोडता येत नाही. आमच्या ग्राहकाच्या कंत्राटात प्रमाणपत्रधारक किती हवेत हे लिहिलेलं आहे. त्या यादीत नाव नसेल, तर माणूस कितीही हुशार असो, मला घेता येत नाही.

रात्रपाळी, एक विचारते. साहेब सीसीएनए कर म्हणतात, पण फी कंपनी भरणार का? प्रमाणपत्र ग्राहकाला दाखवून पैसे तेच कमावणार असतील, तर खर्च तुमच्या खिशातून का? ते भरत असतील तर डोळे मिटून सीसीएनए करा. स्वतःचे पैसे घालणार असाल तर मी सिस्कोचीच एसपीकोअर (ऑपरेटरांच्या नेटवर्कवरची परीक्षा) बघेन.

सबनेट:
एसपीकोअर म्हणजे सीसीएनपीचा, सीसीएनएच्या वरच्या पायरीचा पेपर! एल-१ ला?

टॉवरवाली:
२०२० पासून सीसीएनपीला सीसीएनएची अट नाही. एसपीकोअरची फी ४०० डॉलर, पण त्यात आयएस-आयएस, बीजीपी, एमपीएलएस, सेगमेंट राउटिंग सगळं येतं. तेवढा एकच पेपर सुटला तरी स्पेशालिस्टचं प्रमाणपत्र मिळतं, म्हणजे जाहिरातवाल्यांना हवं ते सिस्कोचं नावही आलं. अवघड आहे, वर्ष जाईल.

लेबल_स्विच:
हे मान्य. सराव कंटेनरलॅबवर (कॉम्प्युटरवरच राउटरांची लॅब उभी करणारं साधन) करा. नोकियाचं राउटर सॉफ्टवेअर एसआर लिनक्स त्यावर फुकट चालतं. तुमच्या राउटरवरचं एसआर ओएस वेगळं, पण आयएस-आयएसचे शेजारी जुळवायला पुरतं.

सबनेट:
नापास झाला तर ४०० डॉलर बुडाले. मी अजून सीसीएनएच म्हणतो.

रात्रपाळी_ऐरोली:
फीचं विचारलं. साहेब म्हणाले, पास झालास की बघू.

टॉवरवाली:
मेलवर लिहून घ्या.