अ‍ॅटॉमिक बेरीज चार कोअरवर कमी भरते, कुठे चुकतंय?

रामबागची_इंदूरकर
नमस्कार मंडळी. गेले सहा महिने घरी रास्पबेरी पाय २ या छोट्या संगणकावर स्वतःचा लहानसा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) लिहितेय. त्यात चार कॉर्टेक्स-ए७ कोअर, म्हणजे एकाच वेळी चालणारे चार प्रोसेसर. मेमरीची वापरातली पानं (ठरावीक आकाराचे तुकडे) मोजायला एक काउंटर आहे, त्यात भर घालणारं फंक्शन इनलाइन असेंब्लीत, म्हणजे कोडमध्येच थेट लिहिलेल्या प्रोसेसरच्या सूचनांत. ते अ‍ॅटॉमिक हवं, कोअर एकमेकांच्या मधे आले तरी बेरीज हरवू नये: एलडीरेक्सने वाचायचं, बेरीज करायची, एसटीरेक्सने लिहायचं, मधे दुसऱ्या कोअरने तिथे लिहिल्यामुळे ते फसलं तर पुन्हा वरून.

चाचणीत प्रत्येक कोअर लाख वेळा ४ मिळवतो. यायला हवेत १६,००,०००. काल रात्री आले १५,९४,३१२, मग १५,९६,८४१, मग १५,९५,२०६. एकट्या कोअरवर तंतोतंत. आणि ४ ऐवजी १ मिळवला तर चारही कोअरवर ४,००,००० अगदी बरोबर! याच गोष्टीने झोप उडवलीय. आई दोनदा दिवा मालवायला येऊन गेली.

जुना_एम्बेडेडवाला
एमएमयू (मेमरीचे पत्ते सांभाळणारा भाग) आणि कॅश (प्रोसेसरजवळची जलद मेमरी) चालू आहेत ना? पायवर त्यांच्याशिवाय एलडीरेक्स-एसटीरेक्सचा भरवसा नाही.

रामबागची_इंदूरकर
हो काका, दोन्ही चालू. नाहीतर १ ची बेरीजही बिघडली असती.

माळव्यातला_मुलुखगिर
किती कमी पडले ते बघ: ५,६८८, ३,१५९, ४,७९४. तिन्हींना ३ ने भाग जातो. म्हणजे अधूनमधून ४ च्या जागी १ मिळवला जातोय. एसटीरेक्स फसलं की स्टेटसमध्ये, म्हणजे लिहिणं जमलं की नाही ते सांगणाऱ्या जागेत, १ येतो. तुझा ४ आणि स्टेटस एकाच रजिस्टरात (प्रोसेसरमधल्या आकडा ठेवायच्या जागेत) तर नाहीत? ऑब्जडम्पने तयार झालेल्या सूचना काढून बघ.

रामबागची_इंदूरकर
दादा, तेच! दोन्हीकडे आर१ हेच रजिस्टर. कंपायलरला जागा ठरवायला जी खूण देतो, त्यात निकालाला =& लिहिलं होतं, स्टेटसला नुसतं =. & नसल्यामुळे कंपायलर (कोडचं प्रोसेसरच्या सूचनांत रूपांतर करणारा) धरून चालला की इनपुट वाचून झाल्यावरच आउटपुट लिहिलं जाईल, आणि दोघांना एकच जागा दिली. पहिल्या फेरीत काही बिघडत नाही. दुसऱ्या फेरीला आर१ मध्ये ४ उरलेलाच नसतो. & घातल्यावर स्टेटस आर२ मध्ये गेलं. वीसदा चालवलं, वीसही वेळा १६,००,०००. लिनक्सचा एआरएम कोड उघडला, तिथे दोन्हींना & आहे. माझ्या वजाबाकीतही हीच चूक सापडली, तीही काढली.

जुना_एम्बेडेडवाला
शाब्बास पोरी. एखाद्या पानाचा असाच काउंटर शून्य झाला की ते पान मोकळं करत असशील, तर त्या वजाबाकीच्या मागेपुढे डीएमबी (मेमरीतल्या लिहिण्या-वाचण्याचा क्रम पक्का करणारी सूचना) घाल. एसटीरेक्स जमलं म्हणून आजूबाजूच्या लिहिण्या-वाचण्याचा क्रम आपोआप राहत नाही.