आजीला पुणे सांगितले आहे, जायचे आहे जर्मनीला : निरोपाबाबत सल्ला हवा आहे

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातला असून, दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जर्मनीतील आखेन येथे जात आहे. व्हिसा, शैक्षणिक कर्ज, ब्लॉक खात्यात (तिथल्या राहण्याच्या खर्चासाठी आधीच पैसे भरून ठेवायचे खाते) भरायचे ११,९०४ युरो ही सगळी कामे मार्गी लागली आहेत, त्यामुळे त्याविषयी काही विचारायचे नाही. अडचण घरातली आहे आणि ती माझ्या ८४ वर्षांच्या आजीला निरोप कसा द्यावा ही आहे.

आजीला अजून खरे सांगितलेले नाही. मोठ्या बाबांनी आणि आत्याने परस्पर ठरवून तिला सांगितले की नातू शिकायला पुण्याला चालला आहे. मी त्या वेळी तिथेच बसलो होतो आणि गप्प राहिलो, म्हणजे त्या खोट्यात माझाही वाटा आहेच. त्यांची भीती निराधार नाही. सात वर्षांपूर्वी आजोबा गेले, तेव्हा सुरतेला कामाला असलेले धाकटे काका दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचले आणि तोवर माती उरकली होती. आजीने ते आजोबांच्या जाण्याइतकेच मनाला लावून घेतले. तेव्हापासून घरातले कोणीही चार दिवस बाहेरगावी निघाले की ती हात धरून एकच विचारते, "माह्या मातीले त येशीन ना?" सुरतेहून जमले नाही, ते जर्मनीहून कसे जमणार, हा हिशेब तिला कोणी शिकवायला नको, आणि तो कळला तर ती अंथरूण धरेल, असे घरच्यांना वाटते.

मला मात्र हे खोटे टिकेल असे वाटत नाही. सातबाऱ्यावर कर्जाचा बोजा चढला तेव्हापासून अख्ख्या गावाला माहीत आहे की मी कुठे चाललो आहे. उद्या शेजारची एखादी बाई सहज बोलून गेली, तर आजीला ते परक्याकडून कळेल. शिवाय एक खोटे सांभाळायला रोज नवे खोटे लागते. गेल्या महिन्यापासून ती माझ्यासाठी लोणी साठवून तूप कढवते आहे. पुण्याला तुपाचा डबा सहज नेता आला असता, परंतु युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे पदार्थ आत नेता येत नाहीत आणि तुपालाही तोच नियम लागू आहे. म्हणजे तिच्या हातून डबा घ्यायचा आणि नागपुरात मावशीकडे ठेवून पुढे जायचे, असे मला सुचवण्यात आले आहे. पुण्याला गेलेली पोरे दिवाळीला घरी येतात. या दिवाळीला मी का आलो नाही, याचे उत्तर काय द्यायचे ते अजून कोणी ठरवलेले नाही.

त्यात मागच्या आठवड्यात एक गोष्ट घडली. नागपूरहून आणलेला जाड कोट खाटेवर पडला होता. आजीने तो हातात घेऊन बराच वेळ चाचपला आणि विचारले, "पुण्यात एवढी थंडी पडते कारे?" आईने विषय बदलला. आजीनेही पुन्हा विचारले नाही, आणि तिचे ते न विचारणेच मला जास्त खुपते आहे. कदाचित तिला समजले असेल आणि ती आम्हालाच सांभाळून घेत असेल.

मी मनाशी प्रवासाचा हिशेब मांडून पाहिला आहे. गावाहून नागपूर गाठायलाच चार तास लागतात. तिथून मुंबई, मुंबईहून फ्रँकफर्टपर्यंत सुमारे नऊ तासांचे विमान आणि पुढे रेल्वे. परतताना हेच सगळे उलट. तिकीट लगेच मिळाले तरी दीड दिवस जातो आणि आमच्याकडे माती बहुधा त्याच दिवशी होते. त्यामुळे तिने तो प्रश्न विचारला, तर खरे उत्तर 'नाही' हेच आहे. ते तिच्या तोंडावर म्हणण्याचे धैर्य माझ्यात नाही, आणि 'हो' म्हणून विमानात बसण्याचेही नाही.

ज्यांनी घरातल्या अशा थकलेल्या माणसाचा निरोप घेतला आहे, त्यांना माझे विचारणे आहे की हे मी स्वतः सांगावे, की आधी मोठ्या बाबांची समजूत काढून त्यांच्याकडूनच सांगवावे? निघण्याच्या दिवशी सांगणे मला क्रूरपणाचे वाटते, पण फार आधी सांगितले तर ती रोज रडेल, असे आई म्हणते. आणि मातीच्या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर दिले होते? 'सगळे बरे होईल' एवढेच कृपया सांगू नये. सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की सगळे शेतात जातील आणि दुपारी घरात आजी आणि मी दोघेच असू. असे साधारण आठ दिवस मला मिळणार आहेत.