घरी दोघेच राहणाऱ्या आई-बाबांसाठी भरवशाचे उपकरण कोणते?

सी-५०३
नमस्कार मंडळी. एका घरगुती प्रश्नावर आपणा सर्वांचा सल्ला हवा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. माझे आई-बाबा ए विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर दोघेच राहतात, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. बाबांनी ऐंशी ओलांडली असून त्यांना कमी ऐकू येते. आईला मधुमेह आहे आणि रात्री तिला बाथरूमला जाण्यासाठी वरचेवर उठावे लागते. मी याच सोसायटीत असले तरी दिवसभर नाशिकच्या दुसऱ्या भागात, अंबडला नोकरीवर असते आणि भाऊ फ्रँकफर्टला आहे. त्याचे म्हणणे असे की, माणूस पडल्यावर आपोआप फोन लावणारे घड्याळ तो तिकडून पाठवील आणि आपण येथे प्रत्येक खोलीत कॅमेरा बसवून घ्यावा. महात्मा गांधी रोडवरच्या दुकानांत चौकशी केली, तर प्रत्येक जण आपलीच वस्तू सर्वांत चांगली म्हणून सांगतो. खर्चाची तयारी आहे, परंतु नेमक्या वेळी वस्तूने दगा देऊ नये, एवढीच इच्छा आहे. ज्यांच्या घरी असे काही बसवलेले आहे त्यांनी कृपया लिहावे.

बी-६०१
ताई, हा प्रश्न तुमच्या एकटीचा नाही, आपल्या सोसायटीतील अनेक घरांचा आहे, म्हणून उत्तर ग्रुपवरच देतो. माझी सारी नोकरी वीज खात्यात झाली, त्यामुळे कोणतेही उपकरण पाहताना मी तीन गोष्टी विचारतो. वीज गेल्यावर ते काय करते? इंटरनेट बंद पडल्यावर काय करते? आणि शेवटी ते कोणाला हाक मारते, तो माणूस किती वेळात दारात उभा राहतो? दुकानदार पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे देऊ शकतो. तिसऱ्याचे उत्तर आपल्यालाच ठरवावे लागते आणि माझ्या मते खरा भरवसा त्या तिसऱ्या उत्तरावरच असतो. नाशिकला पहाटेचे साडेपाच वाजलेले असताना फ्रँकफर्टला मध्यरात्र उलटून गेलेली असते. भावाचा फोन वाजला, तो जागा झाला, तरी तो येऊन उचलणार नाही; तो तुम्हालाच फोन करणार. मग घड्याळाने पहिला फोन तुम्हालाच आणि दुसरा शेजारच्या दाराला का करू नये?

घड्याळाविषयी आणखी थोडे. ॲपलच्या घड्याळात २०१८ च्या मॉडेलपासून पडणे ओळखण्याची सोय आहे आणि वय ५५ किंवा अधिक नोंदवले की ती आपोआप सुरू होते. सोय चांगली आहे, पण हे घड्याळ आयफोनशीच जोडले जाते. आई-बाबांकडे आयफोन नसेल तर आधी तो घ्यावा लागेल. शिवाय परदेशात घेतलेल्या घड्याळातील मोबाइल सेवा आपल्याकडील कंपनीशी जुळेलच असे नाही, म्हणून भावाने पैसे भरण्यापूर्वी हे पक्के विचारून घ्यावे. पडणे ओळखले जाते ते हाताला बसलेल्या जोराच्या हिसक्यावरून. पलंगावरून हळूहळू घसरून खाली बसलेला माणूस घड्याळाच्या लेखी पडलेलाच नसतो, आणि वयस्कर माणसे बरेचदा अशीच पडतात. शेवटी चार्जिंगचा प्रश्न उरतो. रात्री झोपताना घड्याळ काढून चार्जिंगला लावण्याची सवय सर्वांना असते, आणि धोका नेमका रात्रीच्या उठण्यातच आहे. घेतलेच तर ते सकाळी चहा-पेपरच्या वेळी चार्जिंगला लावण्याचा नियम करा.

गळ्यात घालण्याचे सिम कार्डाचे लॉकेटही मिळते. त्यातली काही उपकरणे फक्त टूजी नेटवर्कवर चालतात आणि जिओकडे टूजी नाहीच. आपल्या घरात कोणत्या कंपनीची रेंज चांगली आहे आणि उपकरण फोरजीवर चालते का, हे पाहिल्याशिवाय घेऊ नये.

माझा स्वतःचा कौल साध्या बिनतारी घंटीला आहे. बटण दाबले की रेडिओ लहरींनी घंटी वाजते. इंटरनेट, ॲप, मासिक वर्गणी यांतले काहीही लागत नाही. मात्र तिच्यातही पारख लागते. घंटीचा जो भाग प्लगमध्ये लावायचा असतो तो वीज गेली की मुका होतो, म्हणून सेलवरही चालणारी घंटी घ्यावी, नाही तर ती इन्व्हर्टरच्या लाइनवर लावावी. आपल्या इमारतींत बहुतेक घरांच्या इन्व्हर्टरवर केवळ दिवे आणि पंखे आहेत, राउटरचा प्लग नाही. कॅमेरे घेणाऱ्यांनीही हे आधी तपासावे. खोक्यावर लिहिलेले अंतर मोकळ्या मैदानातले असते, आरसीसीच्या दोन भिंती मध्ये आल्या की ते फार कमी होते. बाथरूममधले बटण छातीच्या उंचीवर लावून उपयोग नाही, कारण जमिनीवर पडलेल्या माणसाचा हात तेथे पोहोचत नाही. एक बटण कमोडजवळ आणि दुसरे फरशीपासून वीतभर उंचीवर, तेही पाणी सोसणारे असावे. आणि बाथरूमची आतली कडी बदलून बाहेरून नाण्याने उघडता येईल असे कुलूप लावा. घंटी ऐकून माणूस धावत आला आणि दार फोडण्यासाठी सुतार शोधत बसला, तर सारेच व्यर्थ.

डी-१०४
काकांनी फार महत्त्वाचे लिहिले आहे. मी रुग्णालयात परिचारिका आहे, त्यामुळे मोजमापाच्या यंत्रांविषयी लिहिते, कारण घरोघरी सर्वाधिक गोंधळ त्यांचाच होतो.

रक्तदाबाचे यंत्र मनगटाचे न घेता दंडाचे घ्यावे. मनगट हृदयाच्या पातळीवर नेमके धरले गेले नाही की आकडा चुकतो, आणि वयस्कर माणसांना तसे धरून बसणे अवघड जाते. खरेदी करताना दंडाचा घेर टेपने मोजून न्या. बऱ्याच यंत्रांसोबत येणारा पट्टा २२ ते ३२ सेंटीमीटर घेराच्या दंडासाठी असतो. पट्टा लहान पडला तर रक्तदाब खोटाच जास्त दिसतो, आणि कृश दंडाला तो फार मोठा पडला तर कमी दिसतो. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीला लावून शांत बसावे, अर्ध्या तासात चहा झालेला नसावा, बोलू नये, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत त्यांच्या बाबतीत ही स्वयंचलित यंत्रे गडबडतात, म्हणून त्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. वर्षातून एकदा यंत्र दवाखान्यात सोबत नेऊन डॉक्टरांच्या यंत्राशी पडताळून पाहणे सर्वांनाच चांगले.

ताई, तुमच्या आईंसाठी ग्लुकोमीटर लागेलच. आयएसओ १५१९७ या मानकाप्रमाणे १०० च्या वरची साखर मोजताना चांगले यंत्रसुद्धा प्रयोगशाळेच्या आकड्यापेक्षा १५ टक्के इकडे-तिकडे असू शकते, त्यामुळे दोन यंत्रांत दहा-पंधरा अंकांचा फरक आला म्हणून घाबरू नये. यंत्र स्वस्त मिळते, खर्च पट्ट्यांचा असतो, म्हणून पट्ट्या गोळे कॉलनीतल्या औषधांच्या दुकानांत बारा महिने मिळतील अशाच यंत्राची निवड करा आणि डबीचे झाकण घट्ट ठेवा, विशेषतः पावसाळ्यात. आपल्याकडे द्राक्षांच्या दिवसांत घरात द्राक्षे निवडून झाली, हात नुसते पुसले आणि बोट टोचले, तर बोटावरच्या फळाच्या साखरेने आकडा भलताच चढतो. हात साबणाने धुऊन कोरडे करूनच मोजावे. हाताला न टोचता साखर सांगणारी घड्याळे आणि अंगठ्या इंटरनेटवर विकल्या जातात, त्या कृपया कोणी घेऊ नयेत. अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपली मान्यता नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता. चुकीच्या आकड्यावर इन्सुलिन घेतले गेले तर जिवावर बेतते.

ऑक्सिमीटरचेही तसेच आहे. जानेवारीत सकाळी नाशिकच्या थंडीत बोटे गार पडलेली असतात, तेव्हा तो आकडा कमी दाखवतो किंवा दाखवतच नाही. हात चोळून गरम करावेत, नखांना रंग असेल तर काढावा आणि मग पुन्हा पाहावे.

ए-४०२
मी या विषयावर पलीकडच्या बाजूने, म्हणजे ज्यांच्यासाठी ही उपकरणे घेतली जातात त्यांच्या बाजूने लिहितो. मी ८३ वर्षांचा आहे आणि पत्नीच्या निधनानंतर एकटा राहतो. माझ्या मुलाने कॅमेऱ्याचा विषय काढला तेव्हा मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. बैठकीच्या खोलीत दाराकडे तोंड करून एक कॅमेरा लावण्यास माझी हरकत नाही, कारण कोण आले, कोण गेले हे दिसावे असे मलाही वाटते. झोपण्याच्या खोलीत मात्र तो लागणार नाही. धोतर सोडताना, देवापुढे बसताना, क्वचित डोळे भरून आले असताना आपल्याला कोणी पाहत आहे, ही जाणीव सोबत घेऊन माणूस स्वतःच्या घरात राहू शकत नाही. माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा झाला आहे, परंतु घरगुती आणि वैयक्तिक वापराला तो लागू होत नाही. म्हणून घरातला नियम घरानेच करायचा असतो, आणि तो करताना आई-वडिलांना समोर बसवून विचारायचे असते. चित्र कोण पाहणार, किती दिवस साठवणार, बंद करण्याचे बटण कोणाच्या हातात, हे तिन्ही ठरल्यावरच खिळा ठोकावा. मुले काळजीपोटी करतात हे आम्हाला कळते. विचारून केले, तर आम्हीही ती वस्तू मनापासून वापरतो.

रात्रीसाठी पलंगाखाली आणि बाथरूमच्या वाटेवर हालचाल टिपून लागणारे मंद दिवे लावून घेतले आहेत. मला त्यांचा जितका उपयोग झाला, तितका दुसऱ्या कोणत्याही वस्तूचा नाही. पाय जमिनीवर ठेवला की वाट दिसते, भिंतीवरचे बटण चाचपडावे लागत नाही. त्यासोबत कमोडशेजारी आधाराचा पक्का दांडा असावा. तो टाइलवर नुसता चिकटवलेला नसावा, भिंतीत नीट ठोकलेला असावा.

बी-६०१
काका, आपण लिहिलेल्या प्रत्येक शब्दाशी सहमत आहे. स्वयंपाकघराचे राहून गेले, ते लिहितो. गॅसगळतीचा गजर घेणाऱ्यांनी आपल्याकडे सिलिंडर आहे की पाइपचा गॅस, हे पाहून त्याची जागा ठरवावी. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो, म्हणून गजर फरशीपासून फूटभर उंचीवर हवा. पाइपचा नैसर्गिक गॅस हलका असल्याने वर जातो, म्हणून तो छताजवळ हवा. शहरात पाइपलाइन येत आहे. ज्यांनी जोडणी बदलली त्यांनी गजराची जागाही बदलावी आणि तो दोन्ही वायूंसाठी चालतो का, हेही पाहावे. चुकीच्या जागी बसलेला गजर वाजण्याआधीच खोली गॅसने भरते.

ताई, तुमच्या बाबांच्या ऐकण्याविषयी एक गोष्ट. वयानुसार बारीक, चिरका आवाज आधी ऐकू येईनासा होतो, आणि बहुतेक गजर नेमके तसेच वाजतात. दुकानात आवाज मोठा आहे का हे पाहण्यापेक्षा तो जाड आहे का हे पाहा, आणि शक्य असेल तर सोबत दिवा चमकणारी घंटी घ्या. बाबांना सोबत नेऊन त्यांच्याच कानांनी निवड करावी. बोटाच्या ठशाने उघडणारे कुलूप मात्र त्यांच्यासाठी नको. उतारवयात बोटांच्या रेषा झिजतात आणि दार उघडत नाही.

सी-५०३
सर्वांचे मनापासून आभार. भावाला ही सारी चर्चा पाठवली आहे. तूर्त घड्याळ थांबवले आहे आणि कॅमेरा फक्त बैठकीत, तोही आईला विचारून, असे आमचे ठरत आहे. एकच अडचण उरते. मी अंबडला असताना दुपारी घंटी वाजली तर ती ऐकणार कोण?

सचिव, सोसायटी कार्यालय
या प्रश्नाचे उत्तर सोसायटीने द्यावे असे मला वाटते, म्हणून खालील प्रस्ताव मांडत आहे. ज्या घरांत ज्येष्ठ नागरिक एकटे किंवा दोघेच राहतात, त्यांच्या घंटीचा एक भाग शेजारच्या घरात आणि शक्य तेथे वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवता येईल. घराची एक किल्ली कोणाकडे ठेवायची हे त्या कुटुंबाने ठरवावे आणि ते नाव कार्यालयात कळवावे. आपल्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवे बसत नाही, ही बाब लक्षात घेऊन एक घडीची चाकांची खुर्ची कार्यालयात कायम ठेवण्याची सूचना मी कार्यकारिणीपुढे मांडणार आहे. दर रात्री पाळीवर येणाऱ्या वॉचमनला १०८ आणि ११२ हे दोन्ही क्रमांक, सोसायटीचा पूर्ण पत्ता आणि जवळची खूण मराठीत लिहून दिली जाईल, म्हणजे रुग्णवाहिकेला वाट सांगताना वेळ जाणार नाही. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मोफत मदतवाहिनी सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत सल्ला आणि मदतीसाठी आहे, तातडीच्या प्रसंगी मात्र १०८ लाच फोन करावा. २०२७ मध्ये सिंहस्थ आहे. पर्वणीच्या दिवसांत शहरातील वाहतुकीचे मार्ग बदलतात आणि मोबाइलच्या जाळ्यावरही ताण येतो, म्हणून शेजाऱ्याला थेट ऐकू जाणाऱ्या घंटीचे महत्त्व तेव्हा आणखी वाढेल.

येत्या रविवारी सकाळी ११ वाजता बी-६०१ मधील काका आपली घंटी घेऊन ए विंगच्या दुसऱ्या मजल्यावरून वॉचमनच्या केबिनपर्यंत आवाज पोहोचतो का, हे पाहणार आहेत. एकदा नेहमीप्रमाणे आणि एकदा मेन स्विच बंद करून, अशी दोन्ही प्रकारे चाचणी होईल. इतर विंगमधील ज्या कुटुंबांना आपल्या घरातून चाचणी करून हवी आहे, त्यांनी शनिवारी संध्याकाळपर्यंत विंग आणि घर क्रमांक येथे लिहावा.

ए-४०२
ए-४०२ चे नाव लिहून घ्यावे. खुर्चीसाठीची वर्गणी मी उद्या कार्यालयात जमा करतो.