फोटोतली माणसं पुसायचं बटण येत नाही, तातडीने मदत हवी आहे

चिडका_बिब्बा
फोन लेटेस्ट अपडेटवर आहे. तीनदा रीस्टार्ट केला. फोटो एडिट करताना क्लीन अपचं खोडरबर दिसतच नाही. भावाच्या फोनवर आहे! साखरपुड्याचे फोटो आज रात्री पाठवायचेत. सगळं रीसेट मारू का?

अंतू_बर्वा_नाही
फोन कुठला? ते लिहायचं राहिलं.

चिडका_बिब्बा
आयफोन 15. भावाचाही 15च.

निमिष
सोपं आहे. फोनची आणि सिरीची भाषा एकच इंग्रजी ठेवा. भारतीय इंग्रजी आयओएस 18.4 पासून चालते. 7 जीबी जागा मोकळी करा, वायफायला लावून ठेवा.

वसईकर
@निमिष, हे सगळं प्रोवाल्यांसाठी. क्लीन अप हे 'ॲपल इंटेलिजन्स' या ॲपलच्या एआय सोयींच्या गाठोड्यातलं, आणि 15 मालिकेत ते फक्त प्रोला मिळतं. बिब्बा, नुसता 15 की 15 प्रो? डाव्या कडेला, आवाजाच्या बटणांच्या वर बघा. सरकणारी सायलेंटची खिट्टी असेल तर साधा 15, दाबायचं बटण असेल तर प्रो. सेटिंग्जमध्येही नुसतं 'सिरी' दिसत असेल, 'ॲपल इंटेलिजन्स' नसेल, तर विषय संपला. रीसेट मारू नका. डेटा जाईल, बटण येणार नाही.

चिडका_बिब्बा
खिट्टी आहे. सप्टेंबर 2023 ला बाजारात आलेला फोन जून 2024 मध्ये, ॲपलने हे गाठोडं जाहीर केलं तेव्हाच, म्हातारा? हा कुठला न्याय?

बिटबहाद्दर
न्याय नंतर, आधी रॅम, म्हणजे फोनची चालू कामाची मेमरी. साध्या 15 मध्ये 6 जीबी, प्रोमध्ये 8. फोनवर चालणारं ॲपलचं भाषेचं एआय मॉडेल सुमारे 3 अब्ज पॅरामीटरचं, म्हणजे तेवढे आकडे मेमरीत ठेवायचे. एकेकाला साडेतीन-पावणेचार बिट धरले तरी जवळपास दीड जीबी तेच अडवून बसतं. 6 जीबीत कोंबलं की मागची ॲप्स पटापट बंद पडणार, मग त्या तक्रारीचे धागे इथे निघतील. चिपच्या वेगाचा प्रश्नच नाही. आयपॅडमधल्या एम1 चिपचं न्यूरल इंजिन (एआयची गणितं करणारा भाग) सेकंदाला 11 लाख कोटी क्रिया करतं, 15 मधल्या ए16 चिपचं जवळपास 17 लाख कोटी. तरी एम1 आयपॅड चालतो, कारण त्यात किमान 8 जीबी.

खडूस_काकू
रॅम कमी कुणी घातली हो, गिऱ्हाइकाने? आणि फोटोतला माणूस पुसायला भाषेचं मॉडेल कशाला लागतं? गूगल फोटोजचं मॅजिक इरेझर मे 2024 मध्ये सगळ्यांना फुकट झालं, तेव्हा आयफोनसाठी अट होती 3 जीबी रॅम आणि आयओएस 15. क्लीन अप सुटं देता आलं असतं. एका गाठोड्यात बांधलं की सरसकट 'जमत नाही' म्हणता येतं. 80 टक्क्यांवर चार्जिंग थांबवायचा पर्यायही 15 मालिकेपासूनच आला, 14 ला नाही. त्याला किती रॅम लागते?

बिटबहाद्दर
80 टक्क्यांचं पटेल असं कारण मलाही दिसत नाही. क्लीन अपचंही, बरं, मान्य. पण लेखन-साहाय्य आणि सारांशाला मेमरी लागते म्हणजे लागते.

खडूस_काकू
2022 मध्ये स्टेज मॅनेजरही (आयपॅडवर एकावेळी अनेक ॲप्सच्या खिडक्या मांडायची सोय) आधी एम1 आणि पुढच्याच आयपॅडना मिळणार होता. ओरड झाली, तेव्हा 2018 आणि 2020 च्या आयपॅड प्रोला दिला, फक्त बाहेरचा मॉनिटर वगळून. तेव्हा तुमचं 'लागते म्हणजे लागते' जरा जपून.

पीसीवाला_पप्पू
विंडोज 11 चंही हेच रडगाणं. टीपीएम (सुरक्षेची चिप) नाही म्हणून नकार आला तर आधी बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये बघा. इंटेलवर 'पीटीटी', एएमडीवर 'एफटीपीएम' नावाने बंद पडलेलं असतं, ते सुरू करा. इंटेलचा प्रोसेसर सातव्या पिढीचा असेल तर मात्र बहुतेक यादीबाहेरच.

अंतू_बर्वा_नाही
पप्पूशेठ, इथे साखरपुडा चाललाय.

वसईकर
बिब्बा, भांडण चालू राहील, तुम्ही काम उरका. गूगल फोटोज टाका, फोटोंची परवानगी द्या, फोटो उघडून एडिटमध्ये मॅजिक इरेझर शोधा. नको त्या माणसाभोवती बोटाने गोल करा. झाल्यावर कॉपी सेव्ह करा, मूळ फोटो शाबूत राहतो.

चिडका_बिब्बा
माणूस गेला! पण रांगोळीवर काळा पट्टा उरलाय.

वसईकर
ती त्याची सावली. झूम करा आणि तिच्यावरून वेगळं बोट फिरवा. एका दमात सगळं घासू नका, रांगोळीचे ठिपके फिसकटतील.