मॅट, माती, वारा, पाऊस... मैदानानेच मॅच फिरवली असं कधी झालंय का?

मैदान दोघांनाही तेच असतं मग रडायचं कशाला, असं आमच्या ग्रुपवर एकजण म्हणाला. मला काही पटलं नाही. रोज त्यावर खेळणाऱ्याचं आणि पाहुण्याचं मैदान एकच कसं असेल? लिहा तुमचे अनुभव, टीव्हीवरचे नकोत, स्वतः खेळलेले.

मातीतला
आमची कबड्डीची सगळी प्रॅक्टिस मातीत, अनवाणी. जिल्ह्याला गेलो तर मॅट, आणि बूट उसने आणलेले. मातीवर पाय थोडा सरकतो, त्या अंदाजाने बोनसला पाय टाकायची सवय, मॅटवर पाय जागीच चिकटतो अन अंग मात्र पुढे जातं. आमच्या मेन रेडरचा गुडघा फर्स्ट हाफलाच गेला. समोरची पोरं रोज मॅटवर खेळणारी. पंचांनी चुकीचं काही दिलं नाही हां, हरलो ते रीतसर हरलो.

शटलराव
पुण्यात मे महिन्यात शटल नुसतं पळतं, एकतर गाव उंचावर त्यात हवा गरम. म्हणून ७६ नंबरचं वगैरे हळू शटल लागतं. एका ओपन टूर्नामेंटला ७७ चे डबे आणले होते, मग वेग कमी करायला आयोजक पिसांची टोकं बाहेर वळवत बसले 😄 वर हॉलचं एक शटर उघडं! लोकांना वाटतं वारा पाठीमागून असला की फायदा, अहो उलट आहे, लिफ्ट (मागे टाकलेला उंच शॉट) मारली की थेट बाहेर. तिसऱ्या गेमला ११ वर बाजू बदलतात, म्हणजे शेवटचे पॉइंट वाईट बाजूला कोणाच्या वाट्याला येतील ते नशीब.

आझाद मैदानी
कांगा लीग खेळलेले कोणी आहे का इथे? १९४८ पासून मुंबईच्या पावसात चालत आलेली. ओली विकेट, घोट्याएवढं गवत, जमिनीलगत मारलेला चांगला ड्राइव्ह पण चिखलात रुततो, रन हवे तर वरून मारा आणि कॅच द्या. टॉस हरलो की निम्मा मूड तिथेच जायचा, तरी मला ती लीग अन्यायाची कधी वाटली नाही, कारण सगळ्यांनाच माहीत होतं काय वाढून ठेवलंय.

मातीतला
@आझाद मैदानी, तोच तर मुद्दा आहे ना दादा, तुम्हाला आधी माहीत होतं. आम्हाला मॅट आहे हे तिथे पोचल्यावर कळलं.

बोरिक पावडर
कॅरम कोणी धरतच नाही. जुलैत बोर्ड जड होतो, स्ट्रायकर अर्ध्यात थांबतो. आमच्या मंडळात खिडकीकडचा बोर्ड कायम दमट, आणि ड्रॉ काढणाऱ्याचा भाचा कायम आतल्या बोर्डावर.